अंगारकीची आमटी

सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर चालती गाडी उलटते कशी, हा प्रश्न खरं तर माझा नव्हता. मी कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर. मोडलेलं बांधायचं, भाजलेल्यावर मलम लावायचं आणि प्रकरण मोठं असलं तर ॲम्ब्युलन्समध्ये घालून मुलुंडच्या हॉस्पिटलात पाठवायचं, इथे माझं काम संपायचं. कसं झालं आणि का झालं हे बघायला वरच्या मजल्यावर साहेब लोक बसलेले होते. पण मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. लग्नानंतर जाईल असं आई म्हणायची, ती काही गेली नाही.

आमचा कारखाना विक्रोळीला. पुढे ऑफिस, मशीन शॉप आणि कँटीन, आणि पार मागे खारफुटीला लागून नवी शेड. नव्या शेडला स्वतःचं कँटीन नव्हतं, त्यामुळे तिथल्या लोकांचं दुपारचं जेवण तीनचाकी टेम्पोतून जायचं. चपात्यांच्या टोपल्या, भाताचे टोप आणि मधोमध दोरीने बांधलेलं आमटीचं पिंप. हे पिंप इतकं मोठं होतं की सगळे त्याला हत्ती म्हणायचे. कँटीनपासून शेडपर्यंत रस्ता सरळ, फक्त पाण्याच्या टाकीपाशी आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळायचा.

टेम्पो चालवायचा दत्ताराम घाडी. मूळचा कणकवलीकडचा, आधी गिरणीत होता. संपात गिरणी सुटली, तेव्हा तो भरपूर प्यायला लागला होता म्हणे. मग भांडुपच्या कुणीतरी इथे चिकटवून दिलं आणि बायकोला शब्द देऊन त्याने दारू सोडली. सोडली हे तो आपण होऊन सगळ्यांना सांगायचा. पण दारू सोडलेल्या माणसाकडे लोक, नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात. यंदा तरी जमतंय का, असं.

त्या दिवशी अंगारकी होती. मंगळवारी आलेली संकष्टी, त्यामुळे अर्ध्या कारखान्याला उपास, त्यात मीही. साबुदाण्याच्या खिचडीची ताटली पुढे ओढली आणि बाहेर ओरडा झाला. टाकीपाशी टेम्पो उलटलाय.

चार जणांनी दत्तारामला उचलून आणला. डाव्या पायाची नडगी मोडलेली, तो टेम्पोच्या कडेखाली सापडला होता. हातावर, छातीवर उकळती आमटी सांडलेली. मी शर्ट कापला, थंड पाणी ओतत राहिले, पायाला फळ्या बांधल्या. एवढं होत होतं तरी तो कण्हत नव्हता, एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होता.

"सिस्टर, मी पिऊक नाय. शेवंतीक सांगा. मी पिऊक नाय."

शेवंती म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, "सांगते रे, आधी पाय हलवू नकोस." पण दारात जमलेल्या लोकांमध्ये तोवर कुजबुज सुरू झालीच होती. अंगारकीला पिऊन गाडी चालवली, बाप्पाने दाखवला हिसका. लसणीच्या फोडणीत न्हालेल्या माणसाच्या तोंडाला कसला वास येतोय हे आता कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. त्यामुळे ज्याला जे वाटलं ते त्याने ठरवलं.

संध्याकाळी शेवंती हॉस्पिटलात गेली. तिच्या आधी कारखान्यातलं कुणीतरी तिथे पोचलं होतं आणि बातमी सांगून मोकळं झालं होतं. ती त्याच्या खाटेपाशी उभी राहिली, डबा ठेवला आणि निघून गेली. मग ती परत आलीच नाही. डबा शेजारचं कुणीतरी आणून द्यायचं. हे मला दत्तारामनेच सांगितलं, मी दोन दिवसांनी बघायला गेले तेव्हा.

"साहेब नोकरी घेतीत तर घेऊदेत," तो म्हणाला. "पण ती माझ्याकडे बघूक नाय, सिस्टर. डब्याकडे बघल्यान, पायाकडे बघल्यान."

मला भयंकर राग आला. तिचाही आला आणि सगळ्यांचाच आला. एका माणसाने एवढ्या कष्टाने काहीतरी सोडावं आणि लोकांनी ते चहाच्या घोटाबरोबर संपवून टाकावं.

आमचे पर्सोनेलचे रेगेसाहेब, विद्याधर रेगे, वाईट माणूस नव्हते. आळशी होते. त्यांनी सोमवारी चौकशी ठेवली होती आणि तिचा निकाल आताच त्यांच्या डोक्यात तयार होता.

"हे बघा सिस्टर, रस्ता सपाट. खड्डा नाही, तेल नाही. गाडी फिटरने तपासली, ठणठणीत आहे. तो स्वतःच म्हणतो मी हळू होतो. मग हळू चाललेली ठणठणीत गाडी सपाट रस्त्यावर उलटते कशी? एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर तो शुद्धीत नव्हता."

"किंवा तिसरं काहीतरी असेल," मी म्हटलं.

"काय?"

ते मला माहीत नव्हतं. पण त्यांनी विचारलं आणि प्रश्न माझा झाला.

घरी जाताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, ती म्हणजे माझी खिचडी. ती ताटलीत तशीच थिजली होती, शेवटी मांजराने खाल्ली. आणि मला वाटत राहिलं की हे मी आधी एकदा बघितलंय. थिजलेली खिचडी, रिकामं पोट आणि टेबलावर विव्हळणारा माणूस. मग आठवलं. लवू! दत्तारामच्या आधी टेम्पो चालवायचा लवू. त्याचाही टेम्पो टाकीपाशीच कलंडला होता, पण भिंतीला टेकून राहिला म्हणून लवूचा नुसता खांदा निखळला. त्याही दिवशी माझा उपास होता, त्याही दिवशी अंगारकीच होती. तेव्हा लवूने टेम्पो सोडून दिला आणि स्टोअरला बदली मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये जाऊन लवूला धरलं.

"तुझा टेम्पो का कलंडला होता रे?"

"स्टिअरिंगने दगा दिला ना."

"फिटर म्हणाला स्टिअरिंग चांगलं होतं."

लवूने इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सिस्टर, कुणाला बोलू नका हां. त्या दिवशी सकाळी मी सुका बोंबील खाल्ला होता. अंगारकीला! लक्षातच नाही राहिलं यार. दोन घास पोटात गेल्यावर बायको ओरडली. तेव्हाच म्हटलं, आज आपली वाट लागली. आणि लागलीच ना?"

मी हसले, पण तो हसत नव्हता. बिचारा इतके दिवस तो बोंबील उरावर घेऊन फिरत होता. बाप्पावर माझीही श्रद्धा आहे, पण एका बोंबलासाठी विक्रोळीला येऊन टेम्पो पाडण्याइतका बाप्पा रिकामटेकडा असेल असं मला वाटेना.

"ते जाऊ दे. पडताना काय वाटलं ते सांग."

"काय वाटणार? मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मी वेडा नाही सिस्टर, मागे कुणी नव्हतं. म्हणून तर..." त्याने वर हात जोडले.

तिथून मी गेले शिवदासकडे. हा टाकीजवळचा वॉचमन, दत्तारामचा टेम्पो उलटताना बघणारा एकमेव माणूस. चौकशीत त्याचीच साक्ष दत्तारामला बुडवणार होती.

"गाडी जोरात होती?"

"नाय बा. हळूच होती. पण डुलत होती. वळणावर अशी इकडे गेली, मग अशी तिकडे. एकदम झिंगल्यासारखी! तेव्हाच समजलो मी, टाकून आलाय."

"तू दत्तारामला बघितलंस झिंगलेला?"

"त्याला नाय. गाडीला बघितलं."

मी तिथेच उभी राहिले. गाडी झिंगली होती. गाडीवाला झिंगला होता असं कुणीच बघितलं नव्हतं. मग गाडी कशाने झिंगली? तीच गाडी रोज त्याच वळणावरून शहाण्यासारखी जाते. रोजच्या दिवसात नाही असं अंगारकीच्या दिवसात काय असतं?

अंगारकीला काय असतं, तर उपास. आणि उपासाचं खातं कँटीनमध्ये सुंदराबाईकडे.

सुंदराबाई आमच्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. धिप्पाड बाई, जीभ झणझणीत. मॅनेजरसुद्धा तिच्या स्वयंपाकघरात चप्पल काढून यायचे. मी गेले तेव्हा टेम्पोत हत्ती चढवत होते. चार माणसं लागत होती. आमटी काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट बांधलेलं.

"अंगारकीलाही एवढीच होती का गं आमटी?" मी विचारलं.

"खुळी की काय तू? अंगारकीला कोण जेवतंय आमटी? शेडमध्ये निम्म्यांचे उपास. अर्धी केली होती."

"अर्धी हत्तीत?"

"मग कशात?"

"ते धाकटं पिंप आहे ना, त्यात बरोबर मावली असती."

सुंदराबाईने कमरेवर हात ठेवले. "त्यात उपासाची दाण्याची आमटी असते. संकष्टीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासते मी ते. कांदालसणीचा हात लागू देत नाही. आमच्या सासूबाई माधुकरी वाढताना जेवढं पाळायच्या नसतील तेवढं मी या कारखान्यात पाळते. विचार कुणालाही."

"आणि साध्या संकष्टीला?"

"साध्या संकष्टीला कितीसे लोक करतात? तेव्हा हत्ती जवळपास भरलेलाच जातो. अंगारकीला मात्र सगळ्यांना भक्ती आठवते."

मला एकदम हुरूप आला, आणि थोडी भीतीही वाटली. मी तिच्याकडून एक पातेलं मागून घेतलं, अर्धं पाण्याने भरलं, हातात धरलं आणि स्वयंपाकघरात चालायला लागले. आधी डावीकडे वळले, लगेच उजवीकडे. पाणी एका बाजूला चढलं, परत फिरलं आणि नेमकं मी दुसरीकडे वळताना मला ढकलून बाहेर सांडलं. माझी पांढरी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. तिच्या हाताखालच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. सुंदराबाई हसली नाही. ती माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघत राहिली.

रेगेसाहेबांना मी काहीही समजावलं नाही. फक्त म्हटलं, सोमवारच्या आधी टाकीपाशी या, गंमत दाखवते. गंमत म्हटल्यावर ते आले. टेम्पो सरळ करून कामाला लावला होताच. चालवायला लवू तयार होईना, शेवटी मी म्हटलं, "आज तू बोंबील खाल्लायस का?" तेव्हा लाजून बसला.

पहिल्या खेपेला हत्ती पाण्याने काठोकाठ भरला. लवू वळणावरून गेला, डावीकडे, उजवीकडे. गाडी जड चालली, पण सरळ. साहेबांनी घड्याळ बघितलं.

दुसऱ्या खेपेला अर्धा भरला. तोच वेग, तेच वळण. डावीकडे वळताना टेम्पो जरासा कलला, मग उजवीकडे वळला आणि आतलं पाणी असं धावून आलं की बंद झाकणातून त्याचा धप्प आवाज ऐकू आला. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं. लवूने ब्रेक मारला आणि उडी टाकून बाहेर आला.

"आयला! हेच! हेच ढकललं होतं मला!" त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की जणू त्याचाच खटला सुटला. मला वाटतं सुटलाच.

शिवदास हळूच म्हणाला, "अशीच. अगदी अशीच झिंगली होती."

रेगेसाहेबांनी स्वतः टेम्पोवर चढून झाकण उघडलं आणि ते आत डोकावले. अजून हलणारं पाणी बघून एखाद्या मुलासारखे खूश झाले. "भरलेलं जड, पण हलायला जागा नाही. अर्धं हलकं, पण सगळंच धावतं! आणि खाली तीनच चाकं!" मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "पण अर्धं याच पिंपात भरलं कुणी?"

मी काही बोलायच्या आत सुंदराबाई पुढे आली. ती कधी आली ते मला कळलंच नव्हतं.

"मी भरलं. माझं धाकटं पिंप बाटू नये म्हणून." तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "साहेब, मी एवढी वर्षं समजत होते, मी करते त्याचं पुण्य लागतंय लोकांना. त्या पोराचा पाय मोडला हो माझ्यामुळे."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का असं होतं म्हणून?" साहेब म्हणाले. "मला तरी कुठे माहीत होतं?" या एका वाक्यासाठी मी त्यांना त्यांचा सगळा आळस माफ केला. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की दत्तारामवर ठपका नाही, बरा होईपर्यंत पगार चालू राहील, आणि आणखी एक मधलं पिंप उद्याच्या उद्या आणायचं.

मी नाचतच मुलुंडला गेले. दत्तारामने सगळं ऐकून घेतलं. पिंप, वळण, लवू, सगळं. मग म्हणाला, "बरा झाला." आणि भिंतीकडे बघायला लागला.

"अरे, नोकरी वाचली तुझी!"

"होय. पण शेवंतीक ह्या कोण सांगतला?"

आता हे मात्र चौकशीत बसण्यासारखं नव्हतं. मी तडक भांडुपला उतरले आणि विचारत विचारत त्यांच्या घराकडे डोंगर चढले. शेवंती घरी नव्हती, खालच्या नळावर सापडली. किरकोळ बांध्याची, पदर खोचलेली. नळाची धार नुकतीच गेली होती आणि तिचा मोठा हंडा अर्धाच भरला होता. मी कोण ते सांगितलं आणि उभ्या उभ्या सगळी हकीगत ऐकवली. तिने ऐकली, पण चेहरा हलला नाही.

"सिस्टर, तुम्ही लांबून इलात, बरा वाटला," ती म्हणाली. "पण तो गिरणीत होतो तेव्हाय असाच. रस्तो वायट होतो, दोस्त वायट होते, ताप होतो. दर वेळी कायतरी होताच. मी दमलंय आता."

तिचंही खोटं नव्हतं. ती हंडा उचलायला वाकली, तेव्हा तिला जरा मदत करावी म्हणून मी म्हटलं, "दे इकडे," आणि हंडा कमरेवर घेतला. चार पायऱ्या चढले, बोळ वळला तशी वळले, आणि आतलं पाणी उसळून मला असं ओढायला लागलं की मी भिंतीवर आपटले. शेवंतीने झेप घेऊन एका हाताने हंडा धरला आणि दुसऱ्या हाताने मला.

"अगो बाये! अर्धो हंडो असो घेवन वळतत? भरलेलो परवडलो! ह्याच्यात वर पानां टाकूची लागतत, नायतर पाणीच माणसाक घेवन पड..."

ती थांबली.

हंडा आम्हा दोघींच्या मध्ये होता. आत पाणी अजून इकडून तिकडे जात होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. वरून कुणीतरी बाई उतरत होती, ती आम्हाला वळसा घालून गेली.

"त्या पिंपात वर काय टाकलेला नव्हता?" शेवंतीने विचारलं.

"झाकण होतं. आत काही नाही."

"आणि तो वळणावर एकटोच होतो."

"एकटाच."

तिने हंडा तिथेच पायरीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला."

हॉस्पिटलात भेटीची वेळ संपत आली होती. वॉर्डमध्ये शिरताना ती माझ्या मागे मागे राहिली. दत्तारामने तिला बघितलं आणि कोपरावर जोर देऊन उठायला लागला. मी ओरडणार, तेवढ्यात त्याने एक विचित्र गोष्ट केली. डोळे मिटले, मान वर केली आणि मोठा आ वासला. मला वाटलं त्याला तहान लागली असेल. मी तांब्या घ्यायला वळले.

"पाणी नको त्येका," शेवंती म्हणाली. तिचा चेहरा लाजेने लाल झाला होता. शेजारच्या खाटेवरचे लोक बघत होते. "रोज संध्याकाळी दारात असो तोंड उघडून उभो ऱ्हवता. मी वास घेतंय, मगे घरात येता. दारू सोडल्यापासून."

तो तसाच होता, डोळे मिटून, तोंड उघडून, वाट बघत.

शेवंती त्याच्याजवळ गेली. वाकली नाही. तळहाताने त्याची हनुवटी वर उचलली आणि त्याचं तोंड मिटलं.

"पुरे झाला," ती म्हणाली, आणि खाटेवर त्याच्या उशाशी बसली.